बहरात आधी खालची कोठी बघा

मधमाश्या पाळायला लागलो तेव्हा पहिल्या बहरात, म्हणजे फुलांत भरपूर मकरंद असतो त्या दिवसांत, मी पेटीच्या वरच्या मधकोठीचं झाकण उघडून मध किती चढला तेवढंच बघायचो. खाली पिल्लांच्या कोठीत काय शिजतंय, पत्ताच नव्हता. एका सकाळी पेटीतून माश्यांचा लोंढा निघाला, शेजारच्या फांदीला त्यांचा घोस लटकला आणि मी शिडी आणेपर्यंत तोही उडाला. जुनी राणी गेली, निम्म्याहून जास्त माश्या गेल्या.

मग खालची कोठी उघडली. पोळ्याच्या चौकटीच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढते ती घरं, लोंबत होती, त्यातली दोन मेणानं बंद. राणीघर अंडं घातल्यापासून साधारण 8 दिवसांनी बंद होतं, 16व्या दिवशी नवी राणी बाहेर येते. ते बंद व्हायच्या सुमारास, हवा चांगली असली की, जुनी राणी निम्मं घर घेऊन निघते. म्हणून बहरात दर 7 दिवसांनी खाली बघायचंच. चौकटीवर माश्या दाट असतील तर हलकेच झटका. नेमकं त्या गर्दीखालीच एखादं राणीघर लपलेलं असतं. राणीघराची नुसती रिकामी वाटी दिसली तर घाबरू नका. आत अंडं किंवा पांढऱ्या खाद्यात पोहणारी अळी असेल तर मात्र वसाहत निघायच्या तयारीत आहे. नुसती राणीघरं मोडून भागत नाही, माश्या पुन्हा बांधतात. वसाहत विभागा, म्हणजे एकीच्या दोन करा.

त्याआधीच जागा दिली असती तर? ताज्या मकरंदात बहुतेक पाणीच असतं. ते आटवायला माश्या तो पोळ्याच्या पुष्कळ घरांत पातळ पसरून ठेवतात, म्हणजे तयार मधापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. वर ती मिळाली नाही की मकरंद पिल्लांच्या घरांत उतरतो आणि राणीला अंडी घालायला जागा उरत नाही. चौकटींच्या वरच्या पट्ट्यांवर नवं पांढरं मेण दिसू लागलं, की मी दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही, मधकोठी चढवतो. शक्यतो बांधलेल्या पोळ्यांची. चौकटीत नुसता कोरा मेणाचा पत्रा असला तर त्यावर पोळं बांधण्यात माश्यांचे दिवस जातात.

काढणीची घाई करू नका. चौकट आडवी धरून झटका. थेंब उडाले तर मध कच्चा आहे, तो आंबेल.

बहर संपतो तो अचानक. काल तुमच्याकडे ढुंकून न बघणाऱ्या माश्या आज अंगावर येतात, दुसऱ्या पेट्या लुटू पाहतात. सांडलेला मध पुसून टाका, पेटी फार वेळ उघडी ठेवू नका आणि दुबळ्या वसाहतीचं दार दोन माश्या जातील एवढंच ठेवा.