रानात एकट्याने मुक्काम: रात्रीची भीती कशी कमी करावी

आमच्या परभणी-हिंगोलीकडे शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. हरभऱ्याला घाटे लागले, ज्वारी पोटऱ्यात आली की रानडुकरं आणि रोही (नीलगाई) पीक खाऊन जाऊ नयेत म्हणून घरातलं कुणीतरी रोज रात्री आखाड्यावर जागलीला जातं. बाज, वाकळ, बॅटरी आणि एक काठी, एवढ्या सामानावर ही माणसं महिना-महिना एकटी झोपतात. जिंतूर तालुक्यातल्या माझ्या मामांना मी एकदा विचारलं, तुम्हाला भीती कशी वाटत नाही? ते म्हणाले, "आवाज वळखू आला की भ्या वाटत न्हाई." तंबू घेऊन पहिल्यांदाच एकट्यानं बाहेर झोपायला निघालेल्या माणसाकडे रानाची ही ओळखच नसते. ती करून घेता येते. मला तीन हिवाळे लागले. त्यातलं जे उपयोगी पडलं ते क्रमानं सांगते.

१. भीती कागदावर उतरवा

घरी बसून, दिवसाउजेडी, कशाकशाची भीती वाटते ते लिहा. साधारण तीन ढीग पडतात: जनावरं, माणसं आणि भुतंखेतं. जनावरांच्या बहुतेक भीतीला अंथरूण-पांघरुणात आणि जागेच्या निवडीत उत्तर आहे. माणसांच्या भीतीला ओळखीच्या शिवारात आहे. तिसऱ्या ढिगाबद्दल कुणी हसलं तरी तो यादीत ठेवा. लहानपणी मुंजाच्या गोष्टी ऐकलेल्या असतील तर पिंपळाखाली तंबू लावू नका, इतकं सोपं आहे. भूत असतं की नसतं हा वाद रात्री दोन वाजता स्वतःशी घालायचा नसतो.

२. गच्चीपासून सुरुवात करा

पहिल्या दोन-तीन रात्री घराच्या गच्चीवर एकट्यानं झोपा, तंबू लावूनच. चेन अंधारात लावता-उघडता आली पाहिजे, बॅटरीवर न चाचपडता हात पडला पाहिजे. त्यानंतर एक रात्र नातेवाइकांच्या शेतात, घरचं माणूस हाकेच्या अंतरावर झोपलेलं असताना. मग एकट्यानं. या क्रमातली पायरी गाळू नका. पहिल्याच फटक्यात डोंगरावर जाऊन, घाबरून मध्यरात्री परतलेला माणूस पुन्हा लवकर तयार होत नाही.

आणि पहिल्या रात्री झोप लागली नाही तर स्वतःला भित्रं ठरवू नका. 2016 साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की, नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक भाग दुसऱ्यापेक्षा कमी गाढ झोपतो आणि बारीकशा आवाजालाही दाद देतो. दुसऱ्या वेळी हा जागता पहारा बराच उतरतो. म्हणून त्याच जागी लागोपाठ दोन रात्री काढता आल्या तर फार बरं.

३. जागा आणि वेळ

जागा ओळखीच्या माणसाच्या शेतातली घ्या. गौताळा किंवा नायगाव मयूर अभयारण्यात आपल्या मनानं रात्रीचा मुक्काम करता येत नाही, देवगिरीसारख्या संरक्षित किल्ल्यांवरही नाही. शिवाय परक्या शिवारात अंधारात उजेड दिसला की लोक चोर समजतात आणि चार जण काठ्या घेऊन येतात. पोलीस पाटलांना आणि शेजारच्या आखाड्यावर आधी सांगून ठेवा. यामुळे अर्धी भीती तिथंच संपते, कारण अंधारात आपण इथं आहोत हे कुणाला तरी माहीत असतं.

काळ्या रानातल्या भेगांवर तंबू नको, त्यात विंचू-साप दडतात. मुरमाड, थोडी उंच, मोकळी जागा पाहा. कडब्याच्या गंजीजवळ उंदीर येतात, उंदरांमागे साप. उसाच्या फडाजवळ तर अजिबात नको. बिबट्याला लपायला उसासारखी जागा नाही. ओढ्याच्या पात्रात वाळू मऊ असली तरी झोपू नये.

माझ्या मते मराठवाड्यातल्या रात्रीच्या रानात सगळ्यात मोठा धोका जनावराचा नाहीच. तो बिनकठड्याच्या विहिरीचा आहे. आणि दुसरा तारेच्या कुंपणाचा: रानडुकरांसाठी काही जण कुंपणात चोरून करंट सोडतात, त्यात माणसं दगावली आहेत. विहीर कुठं, कुंपण कुठं, हे उजेड असताना मालकाला बरोबर घेऊन बघा आणि अंधार पडल्यावर शिवारात फिरू नका. लघवीची जागासुद्धा दिवसाच ठरवा, तंबूपासून वीस पावलं, वाटेत काही नसलेली.

महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसात इथं विजा पडतात, पावसाळ्यात साप जास्त बाहेर असतात. थंडीला मात्र कमी लेखू नका. परभणीचा पारा थंडीच्या लाटेत पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि कुडकुडणारं शरीर प्रत्येक आवाजाला दचकतं. खाली जाड सतरंजी, वर दोन वाकळा, डोक्याला मफलर. पहिल्या खेपेला शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीची रात्र धरा. सूर्य मावळायच्या आधीच चांद वर आलेला असतो आणि जवळजवळ पहाटेपर्यंत सोबत करतो.

४. उजेड असताना पोचा

चार वाजेपर्यंत जागेवर असा. तंबू लावून झाला की त्याच्या दारात बसून चारी बाजूंना नीट बघा. ती बाभूळ, तो बांधावरचा धोंडा, पाण्याच्या मोटारीचा खोका, वाळत टाकलेला पाइप. रात्री यांचीच माणसं होतात. मी प्रत्येक दिशेचा फोटो काढून ठेवते. रात्री काळं काही उभं दिसलं की फोटो उघडायचा आणि तो धोंडा तिथंच आहे का ते पाहायचं.

दिवेलागणीची वेळ सगळ्यात वाईट. दिवसाचे आवाज थांबलेले असतात, रात्रीचे ओळखीचे झालेले नसतात. त्या तासाभरात हाताला काम ठेवा. मी चूल मांडते. घरून धपाटे आणि ठेचा आणलेला असतो, तरी चहा तिथंच करते. चुलीभोवतीचं गवत आधी काढा, झोपण्यापूर्वी निखाऱ्यावर पाणी ओता, राखेत हात घालता येईल इतकं. थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची घमेली तंबूत कधीही घेऊ नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वायूनं माणूस झोपेतच जातो.

अंथरुणाचा नियम एकच: जमिनीशी थेट संबंध नको. बाज मिळाली तर उत्तम, मच्छरदाणी गादीखाली सगळीकडून खोचलेली. तंबू असेल तर चेन शेवटपर्यंत लावलेली. बूट आत, सकाळी झटकूनच पायात. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही, म्हणून हा नियम मोडायचा नाही. उष्टं-खरकटं डब्यात बंद करून दूर ठेवा.

साप चावलाच तर बांधाबांध, चिरा देणं, चोखणं यातलं काही करू नका. तो हात किंवा पाय हलू न देता लगेच सरकारी रुग्णालय गाठा. 108 ला फोन करा. प्रतिसर्पविष जवळ कोणत्या रुग्णालयात आहे हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवा.

५. आवाज ओळखीचे करा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. अंधारात डोळे फारसे कामाचे नसतात, म्हणून कान सगळं ओढून घेतात आणि ज्याला नाव नाही त्याला मन नाव देतं.

पहिल्या एकटीच्या रात्री साडेअकराच्या सुमाराला माझ्या तंबूमागे कुणीतरी चालत होतं. चार पावलं, थांबणं, पुन्हा दोन पावलं. मी पाऊण तास बसून होते, बॅटरी विझवलेली, हातात काठी. घामानं पाठ ओली झाली होती, तीही जानेवारीत. शेवटी राहवेना म्हणून जाळीतून उजेड टाकला. बांधावरच्या सागाची वाळकी पानं पडली होती, ताटाएवढी, आणि त्यातून एक चिचुंद्री नाक खालीवर करत चालली होती. एका पानाखाली शिरली की पान उचललं जायचं आणि पडायचं: ते माझं "पाऊल". उजेड लागताच चिक्‌चिक् करत ती बांधाच्या फटीत गेली. मी पुष्कळ वेळ ते हललेलं पान बघत बसले. त्या रात्रीनंतर वाळक्या पानांवरचा आवाज मला जड माणसाचा वाटला नाही. तंबू लावताना भोवतीचा पाचोळा मात्र तेव्हापासून झाडून काढते.

टिटवी "टिट्-टिट्-टिटिव" करत उठली तर तिच्याजवळून काहीतरी गेलंय, बहुतेक वेळा कुत्रं किंवा कोल्हा. ती जमिनीवर राहते आणि सगळ्यांना ओरडते. पिंगळ्यांची जोडी भांडल्यासारखी चिरचिरते. लोक त्याला अपशकुन म्हणतात, पण तो उंदीर-किडे खाऊन शेतकऱ्याचं भलंच करतो. रातवा एकसारखा "चक्-चक्-चक्" करत राहतो, दूर कुणी दगडावर काहीतरी ठोकत असल्यासारखा. कोल्हेकुईनं पहिल्यांदा काळीज हलतं. एक सुरू करतो, दुसरे सूर मिळवतात, आणि तीन-चार कोल्हे वीस असल्यासारखे वाटतात. ते माणसाच्या वाट्याला सहसा जात नाहीत. घुरघुर आणि जमीन उकरल्याचा आवाज मात्र रानडुकराचा. तेव्हा बाहेर येऊ नका, आतूनच मोठ्यानं बोला, ताट वाजवा. जनावर अडचणीचं वाटलं तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक फोनमध्ये असू द्या.

रातकिडे एकदम थांबले की अंगावर काटा येतो. बहुतेक वेळा ते तुमच्याच हालचालीनं थांबलेले असतात. गप्प बसा, ते पुन्हा सुरू होतील.

आणि एक आवाज आपल्याच भागातला. शेतीची लाईट रात्रीची असली की ती आली त्या क्षणी शिवारभर मोटारी घुमायला लागतात, पाणी पाटात पडतं, दूर दूर बॅटऱ्यांचे ठिपके हलतात. ती दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला आलेली माणसं. मला ती वेळ फार आवडते. आपण एकटे जागे आहोत असं वाटत असताना कळतं की अर्धं शिवार जागं आहे.

६. दचकून जाग आली तर

चेन उघडू नका, उठून पळू नका. बसा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, दहा-बारा वेळा. मग कान द्या: आवाज कुठून येतो, जवळ येतोय की लांब जातोय, एकसारखा आहे की थांबत थांबत? त्याला नाव देता आलं तर ते मोठ्यानं म्हणा. नाही आलं तर बॅटरी लावा, सावकाश चारी बाजूंना फिरवा, विझवा. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून बॅटरी सतत चालू-बंद केली तर अंधार जास्तच काळा वाटतो. बॅटरीला लाल कागद लावला तर ही सवय कमी मोडते.

रात्र सरकत नाही असं वाटलं तर आकाशाचं घड्याळ वापरा. डिसेंबरच्या मध्याला कृत्तिकांचा पुंजका साडेदहाच्या सुमाराला डोक्यावर असतो. मृगाचे तीन तारे साडेबाराच्या आसपास सगळ्यात उंच, किंचित दक्षिणेला येतात. मृग पश्चिमेकडे कलायला लागला की रात्र उतरणीला लागली.

परत जायची मुभा आधीच स्वतःला देऊन ठेवा. गाडीचं तोंड रस्त्याकडे, किल्ली खिशात, आखाड्यावरच्या माणसाचा नंबर वर. मी दोनदा अशी उठून मामांच्या आखाड्यावर गेले आहे. कुणी काही विचारलं नाही, मामींनी बाज टाकून दिली.

बायकांसाठी थोडं वेगळं

माझी मोठी भीती कोल्ह्या-सापांची नव्हती, अनोळखी पुरुषांची होती, आणि ती खोटी नाही. तिला श्वासाचे उपाय पुरत नाहीत. जागा नातेवाइकांचीच, आणि हाकेच्या अंतरावर एखादं कुटुंब, नुसता सालगडी नव्हे. जायच्या आधी आणि तिथं असताना फोटो कुठंही टाकायचे नाहीत, घरी परतल्यावर टाका. ठिकाण दोन जणांना ठाऊक हवं आणि सकाळी किती वाजेपर्यंत आपला फोन आला नाही तर त्यांनी निघायचं, हेही ठरलेलं हवं. 112 हाताशी. मनाला जागा खटकली तर कारण सापडत नसलं तरी तंबू उचला.

७. सकाळी वही काढा

चहा व्हायच्या आत, आठवतंय तोवर, काय ऐकलं आणि किती वाजता ते लिहा. ज्याचं नाव कळलं नाही त्यापुढे जागा सोडा आणि जाताना आखाड्यावर विचारा. माझ्या वहीत एका रात्रीसमोर "तीन वाजता, लांब, रडल्यासारखं" असं लिहिलेलं होतं. मामांनी शेण काढता काढता ऐकलं आणि म्हणाले, "मोर हाय त्यो. ओढ्याच्या चिंचंवर बसतो. संध्याकाळी ये, दाखवतो."