पाळकाच्या घरात येणाऱ्या मुलीला

सेमिनरीत, म्हणजे चर्चचा पाळक (धर्मगुरू) होण्यासाठी शिकणाऱ्या मुलाचं स्थळ आलं की मुलीकडची माणसं आमच्या पाळकाच्या घरी चौकशीला येतात. मुलाचा स्वभाव त्यांना दुसरीकडूनही कळतो. आमच्याकडून त्यांना हवी असते ती पाळकाच्या घराची माहिती, आणि तीही खेड्यातल्या. मी ती मोकळेपणाने देते, कारण लग्नाआधी मला ती कुणी दिली नव्हती. माझं सांगणं एवढंच, की पाचारण (सेवेसाठी देवाचं बोलावणं) एकाला होतं, पण सेवेला सगळं घर लागतं. तेव्हा ‘हो’ दोघांनी म्हणावं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो पत्नी लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता. त्या ख्रिस्ती झाल्या १९०० मध्ये, स्वतःला पटल्यावर. मधला काळ त्यांनी कसा काढला हे मराठी वाचकाला माहीत आहे. तो कुणाही मुलीच्या वाट्याला येऊ नये.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. पुण्याच्या युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीत बी. डी. (धर्मशास्त्राची पदवी) केली तर ती बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची मिळते. पदवी हातात आली म्हणजे माणूस पाळक झाला असं नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आधी डीकन (सहायक सेवक) आणि मग प्रेस्बिटर (पूर्ण पाळक) अशी दीक्षा होते, आणि प्रेस्बिटर होईपर्यंत त्याला प्रभुभोजनाचा विधी स्वतः चालवता येत नाही. त्या काळात नेमणूक लांबच्या खेड्यात मिळू शकते. लग्नही बहुधा त्याच सुमारास होतं, म्हणून नव्या सुनेचा पहिला संसार अनोळखी गावात, दुसऱ्याच्या मालकीच्या पाळकनिवासात सुरू होतो.

खेड्यातली मंडळी, म्हणजे चर्चची सभासद माणसं, शेतीच्या हंगामावर हलते, हे सेमिनरीच्या वर्गात पुरेसं समजत नाही. पाथर्डी-शेवगावच्या पट्ट्यात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की रविवारच्या भक्तीला निम्मी चटई रिकामी दिसते. नाताळला चर्चमध्ये म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली नातवंडं. अशा वेळी पाळकाने त्यांच्यामागे कारखान्यावर जावं, असं माझं ठाम मत आहे. तळावरची भक्ती रात्रीच होते, तीही गाडी भरायचा निरोप आला नाही तर. कोप्यांच्या (टोळीच्या झोपड्यांच्या) मध्ये ताडपत्री अंथरतात. बायका चुलीपुढून उठत नाहीत; भाकरी थापता थापता तिथूनच भजनाला सूर देतात. पेटी नसली तरी टिळकांची भजनं नुसत्या टाळांवर चालतात. संदेश मात्र दहा-पंधरा मिनिटांत आटपावा. समोरच्या माणसाला पहाटे कोयता हातात घ्यायचा असतो. तिथे ज्याने पाळकाला पाहिलं, तो गावी परतल्यावर आपणहून दार वाजवतो.

दार पाळकसाहेबांच्या नावाने वाजतं, पण उघडता तुम्ही. साहेब बाहेरगावी असतात आणि कुणी वारलेलं असतं, किंवा कुणाला दवाखान्यात न्यायचं असतं. चहा टाकणं, निरोप पोचवणं, कबरस्तानात खड्डा खणायला माणसं सांगणं ही कामं तुमच्याकडे येतात. आणखी एक काम येतं, ते कुठल्याच नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं. नवऱ्याने मारलेली बाई पाळकासमोर गप्प बसते आणि स्वयंपाकघरात तुमच्याशी बोलते. ते बोलणं महिला मंडळात जाता कामा नये, साहेबांनाही तिला विचारूनच सांगावं. जिवाला धोका दिसला तर मात्र गुप्तता बाजूला ठेवून तिला पोलिसांपर्यंत सोबत द्यावी. प्रार्थना करून तिला त्याच घरी परत पाठवणं मला कधीच मान्य झालेलं नाही.

रजिस्टरं नीट शिकून घ्या. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी पाळकनिवासातल्या कपाटात असतात आणि किती तरी वर्षांनी कुणाचं तरी त्यावाचून अडतं. लग्नाचं काम १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने चालतं. साधारणपणे विधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ यांच्या आतच लागतो. वऱ्हाडाचा टेम्पो उशिरा आला की सगळे पाळकाकडे बघतात, म्हणून ही वेळ दोन्ही घरांना पुकारीच्या (चर्चमध्ये लग्नाची जाहीर सूचना देण्याच्या) वेळीच बजावून सांगावी. मुला-मुलीच्या वयाचे दाखलेही तेव्हाच पाहावेत.

दाखल्यांचा सगळ्यात नाजूक भाग जातीचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. महाराष्ट्रात त्यांना ओबीसीत धरतात. गावात त्यांची वस्ती तीच, पाणवठ्यावरची वागणूक तीच, फक्त कागद वेगळा. प्रवेशाच्या दिवसांत एखादा बाप विनवतो, की आम्ही ख्रिस्ती आहोत हे लिहू नका. त्याच्यावर चिडू नये. त्याची अडचण आणि त्याच्यावरचा अन्याय दोन्ही खरे आहेत. पण नोंद आहे तशीच लिहून द्यावी आणि ओबीसीचा दाखला काढायला त्याच्याबरोबर तहसीलमध्ये जावं. ही फेरी एखाद्या संदेशाहून कमी मोलाची नाही.

पाळकाच्या मुलांकडे सगळ्या मंडळीचं लक्ष असतं. आमच्या मुलाने भक्तीच्या वेळी जांभई दिली तरी सोमवारी ती आमच्या कानावर यायची. त्याला सगळ्यांपुढे वचनं पाठ म्हणायला उभं करायचं नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलं आणि पाळलं. घरातली संध्याकाळची प्रार्थनाही छोटीच ठेवली. बदली मे महिन्यात मागावी, म्हणजे शाळेचा दाखला जूनच्या आत हलतो. दहावीचं वर्ष असेल तर बिशपांना आधीच पत्र द्यावं. तोंडी सांगितलेलं पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही.

पैशाचं बोलायला आपल्यात लोक लाजतात. पगार वर्गणीवर अवलंबून असला तर पावसाने ओढ दिल्यावर तो लांबतो. कापणीच्या सणाला ज्वारी, अंडी, कोंबड्या येतात, त्यांचा लिलाव होतो. तो पैसा मंडळीचा, घरखर्चाचा नव्हे. त्यामुळे मुलीने आपली नोकरी किंवा शिवणकाम सोडू नये. ‘पाळकाच्या बायकोने घरीच असावं’ असं म्हणणारे भेटतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणावं. प्रॉव्हिडंट फंड कापला जातो का, हे लग्नाआधी विचारायला हरकत नाही. आणि गुंठाभर का होईना, जागा दोघांच्या नावावर लवकर घ्यावी, कारण निवृत्तीनंतर पाळकनिवास पुढच्या कुटुंबासाठी रिकामा करून द्यावा लागतो.