वर्गात काय चाललंय ते घरी कसं पोचवायचं

मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत तिसरीला शिकवते. पालकांचा व्हॉट्सॅप ग्रुप आता प्रत्येक वर्गाचा असतो, पण त्यावर जातं काय तर उद्या सुट्टी, आधारची झेरॉक्स आणा, पासबुक आणा. शाळेचा मेसेज दिसला की घरच्यांना वाटतं एकतर कागद मागितलाय नाहीतर पोराची तक्रार आलीय. म्हणून सगळ्यात आधी सूचना वेगळी करा आणि बातमी, म्हणजे वर्गात काय झालं ते, वेगळी करा. सूचनांच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिननेच लिहायचं असं सेटिंग ठेवा, बातमीचा ग्रुप मात्र मोकळा ठेवा, गुड मॉर्निंगची फुलं येतील थोडे दिवस, एकदा हात जोडून सांगितलं की कमी होतात.

बातमी बाईंनी बसून लिहायची नाही. शनिवारी सकाळची शाळा असते, शेवटचा तास त्यासाठीच राखून ठेवा. मुलांना विचारायचं, या आठवड्यात घरी सांगण्यासारखं काय झालं? पहिले दोन शनिवार सगळी म्हणतील "अभ्यास केला", आपण गप्प बसायचं, अजून काय, अजून काय, एवढंच म्हणत राहायचं. मग कोणीतरी खरं बोलतं. आमच्याकडे एकाने सांगितलेलं जसंच्या तसं देते, "आम्ही कडुलिंबाच्या झाडाला सुतळी गुंडाळली, मग ती जमिनीवर सरळ करून मीटरपट्टीने मोजली, २ मीटर १० सेंटिमीटर भरली, सरांच्या मोटारसायकलपेक्षा पण लांब." हीच गोष्ट मी आधी कशी लिहायचे माहितीय का, "गणित विषयात लांबीचे मापन हा घटक कृतीतून घेण्यात आला." शाळा तपासायला येणाऱ्या केंद्रप्रमुखांना ते चालेल, पण आईला त्यातून काय कळणार?

आणि बातमीच्या खाली एक प्रश्न टाकायचाच, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. "आज जेवताना विचारा, सुतळी कशाला लागली, पट्टीच का नाही लावली?" ज्या आईने शाळा पाहिली नाही तीसुद्धा हा प्रश्न विचारू शकते, आणि पोरगं हाताने गोल करून दाखवतं की पट्टी वाकत नाही. नुसतं "आज काय शिकवलं" विचारलं की "काही नाही" हेच उत्तर येतं, सगळ्या घरांत.

पोषण आहाराची बातमी दर आठवड्याला द्या, घरचे सगळ्यात जास्त तेच विचारतात. मटकीची उसळ होती, कोणी परत मागून घेतली, कोणाला तिखट लागली. त्यातच गणित पण निघतं, पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, आमची त्या दिवशी २८ मुलं हजर, म्हणजे २ किलो ८०० ग्रॅम, हा हिशोब मुलांनीच फळ्यावर केला आणि मी त्या फळ्याचाच फोटो पाठवला.

महिन्यातून एकदा कागदावर पण काढा. एक साधा ए फोर कागद, मुलांच्याच अक्षरात, काळ्या पेनाने, कारण निळं झेरॉक्समध्ये फिकट येतं. शुद्धलेखन वाचता येईल इतपतच सुधारा, वाक्य मात्र त्यांचंच राहू द्या. एक प्रत शाळेच्या गेटवर आणि एक पिठाच्या गिरणीवर लावा. गिरणीवर बाया डबा ठेवून थांबलेल्या असतात, तिथे एकजण मोठ्याने वाचते आणि बाकीच्या ऐकतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही तो आधी वाचा, २००९ च्या कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, त्यांना पोरांचं ऐकायला मिळालं की मग छताच्या पत्र्याचा, पाण्याच्या टाकीचा विषय पण नीट निघतो.

हजेरीपटाची एक झेरॉक्स टेबलाच्या काचेखाली ठेवा, आणि ज्याचं नाव बातमीत आलं त्याच्यापुढे टिक करा. महिन्यात प्रत्येकाचं नाव एकदा आलंच पाहिजे. मी हे करत नव्हते, चांगलं वाचणाऱ्या त्याच पाच-सहा मुली सारख्या येत होत्या, आणि एका पालकसभेत एक आई उभी राहून म्हणाली, "मॅडम, आमचं पोरगं वर्गात बसतं का नाही?" त्या दिवसापासून टिक चुकवली नाही.

आता ऊसतोडीला जाणाऱ्यांचं. दिवाळीनंतर आमच्याकडचे निम्मे आईबाप कोयत्यावर जातात, पोरं आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. फडात, म्हणजे उसाच्या रानात, रेंज धड नसते, फोटो नुसता गोल गोल फिरत राहतो, पण आवाज पोचतो. म्हणून मुलाच्याच आवाजात एक मिनिटाच्या आतला व्हॉइस पाठवा. आधी "आई, मी बोलतेय" म्हणू द्या, मग एकच बातमी, मग तो प्रश्न. कडुलिंबाच्या झाडाच्या बातमीवर एका वडिलांचा रात्री दहाला कोपीवरून, म्हणजे फडावरच्या झोपडीतून, उलटा व्हॉइस आला, मागे ट्रॅक्टर चालू, "बाळा, पट्टी का नाही लावली ते सांग मला." सकाळी मी तो वर्गात मोठ्या आवाजात लावला, पोरीने तिथल्या तिथे उत्तर दिलं, तेही पाठवून दिलं.

फोटोचं मात्र जपून. जूनमध्येच पालकांकडून लेखी संमती घ्या, ज्यांनी नाही म्हटलं त्यांना कारण विचारू नका. रडणारं मूल, मार्कांचा कागद, गणवेश घेताना हात पुढे केलेलं मूल, हे कधीच टाकू नका. हातांचे फोटो काढा, वहीचे काढा, मातीच्या बैलांचे काढा. आणि ग्रुपवरचा फोटो स्वतःच्या स्टेटसला लावायचा नाही, आपण वर्गाच्या बाई असलो तरी.

प्रत्येक महिन्याच्या कागदाची एक प्रत फाइलला लावत जा. एप्रिलच्या शेवटी ज्याचं नाव ज्या कागदावर आहे तो कागद त्याला घरी द्यायचा, तोवर आईबाप फडावरून परत आलेले असतात.