भ्रूणविज्ञान घेताय? आधी अंडं फोडून बघा

सांगलीत झूलॉजी करणारी बरीच मुलं भ्रूणविज्ञानाचा पेपर पाठांतरावर काढतात. विंट, बीएमपी, एफजीएफ, सॉनिक हेजहॉग ही गर्भातल्या पेशींना सूचना देणाऱ्या सिग्नलची नावं घोकायची आणि पेपरात उतरवायची. माझं म्हणणं, नावं नंतर. आधी कोंबडीचा गर्भ बघा.

दुकानातली अंडी चालत नाहीत, ती फलित नसतात. खुराड्यात कोंबडा असलेल्या घरातून गावठी अंडी आणा, नाहीतर हॅचरी गाठा. इन्क्युबेटर 38 अंशांवर, आत पाण्याची वाटी. 33 तासांनी अंडं कोमट सलाईनमध्ये फोडा, बलकावर फिल्टर पेपरची कडी ठेवा आणि कडेनं कापून गर्भ उचला. मज्जानलिकेच्या (पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारी नळी) दोन्ही बाजूंना सोमाइटच्या, म्हणजे पुढे मणके आणि स्नायू होणाऱ्या ठोकळ्यांच्या, बारा-तेरा जोड्या मोजता येतील. 48 तासांच्या गर्भात तर हृदय चालू असतं. ते बघितल्यावर वेळेचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

कारण सिग्नल तोच असतो, जागा आणि वेळ बदलली की काम बदलतं. 1968 मध्ये सॉन्डर्स आणि गॅसेलिंग या संशोधकांनी कोंबडीच्या पंखाच्या अंकुराचा मागचा तुकडा पुढे लावला, तर बोटं आरशातल्यासारखी दुप्पट झाली. तो सिग्नल सॉनिक हेजहॉगचा, हे 1993 मध्ये कळलं. हाच सिग्नल त्याआधी डोळ्यांचा एकच पट्टा दुभंगून दोन डोळे करायला लागतो. अमेरिकेत आयडाहोमध्ये गाभण मेंढ्यांनी चौदाव्या दिवशी वेराट्रम ही वनस्पती खाल्ली की एकडोळी कोकरं जन्मत. त्यातलं सायक्लोपामाइन हे रसायन हा सिग्नल अडवतं.

आपल्याकडे बाळाचा ओठ फाटलेला निघाला की अजूनही विचारतात, ग्रहणात विळीला हात लावलास का? वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळून झालेला असतो. तो न जुळण्यामागे बहुतेकदा अनेक जनुकं आणि परिस्थिती मिळून असतात. त्या आईवर आळ येऊ नये, एवढ्यासाठी तरी हा विषय नीट शिका.

पुढे संशोधन करायचं तर पुण्यात आघारकर संस्था आणि आयसर या संशोधन संस्था आहेत, आयसरच्या पीएचडीसाठी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी लवकर लावा. माणसांत काम करायचं असेल तर जेनेटिक काउन्सेलिंग, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल कुटुंबांना सल्ला देण्याचं काम, बघा. तिथं पहिल्या दिवसापासून लागणारी माहिती ही: मज्जानलिका गर्भधारणेनंतर 28 दिवसांत मिटते, म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचं नुकतं कळलेलं असतं. म्हणून ती नीट मिटावी यासाठी रोजचं 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड मूल ठरवायच्या आधीपासून घ्यायचं.