स्पेनचा निवृत्ती व्हिसा : अपोस्टिल असूनही विवाह प्रमाणपत्र परत आलं तर

लक्षण : आलिकांतेच्या किनाऱ्यावर स्थायिक व्हायला, नोकरी न करता राहण्याच्या व्हिसासाठी पती-पत्नीचा अर्ज. विवाह प्रमाणपत्रावर अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय देतं ते प्रमाणन) आहे, स्पॅनिश भाषांतर जोडलंय, तरी कागद अपूर्ण म्हणून परत.

आधी नोटरीची प्रत जोडली, मग दुसऱ्याकडून भाषांतर करून घेतलं. दोन्ही फुकट, वैताग वेगळाच.

घोळ क्रमाचा होता. भाषांतर आधी, अपोस्टिल नंतर, म्हणजे अपोस्टिलचा मजकूर भाषांतरात आलाच नाही. दुसऱ्या भाषांतरकाराने तर फक्त पुढची बाजू केली, मागचे शिक्के आणि अपोस्टिल राहूनच गेलं.

जमलेला क्रम असा. विवाह निबंधकाकडून सही-शिक्क्याची ताजी प्रत घ्या. लॅमिनेशन अजिबात करू नका, शिक्के आणि स्टिकर कागदावरच बसायला हवेत. मग राज्य शासनाचं साक्षांकन, त्यानंतर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. तिथे अर्जदाराला थेट कागद देता येत नाहीत, नेमलेल्या एजन्सीमार्फत द्यावे लागतात. शेवटी दोन्ही बाजू स्कॅन करून शपथबद्ध, म्हणजे स्पेन सरकारने अधिकृत केलेल्या भाषांतरकाराकडे. त्यांची यादी स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते, इंग्रजी-स्पॅनिश जोडीचाच बघा. भाषांतरात शिक्के आणि अपोस्टिलचा क्रमांकसुद्धा आला का, ते तपासूनच पैसे द्या.

याच अर्जाला लागणारा पोलिस दाखला (गुन्हा नोंद नसल्याचा) पासपोर्ट कार्यालयाचा असेल तर राज्याची पायरी लागत नाही, बाकी क्रम तोच. आणि डॉक्टरांच्या दाखल्यात 2005 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांचा उल्लेख हवा. नुसतं 'प्रकृती ठणठणीत' लिहिलेलं चालत नाही.