क्रॉसटॅब शिकताना: शंभर टक्के कुठल्या बाजूने?

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधाचं पहिलं क्रॉसटॅब (दोन चलांच्या, म्हणजे माणसागणिक बदलणाऱ्या दोन गोष्टींच्या, एकत्र मोजणीचं टेबल) घेऊन मी बाईंकडे गेले. त्यांनी त्यावर पेन्सिल टेकवून एवढंच विचारलं, "शंभर टक्के कुठल्या बाजूने केलेस?" एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरने ओळीची, स्तंभाची आणि एकूण अशा तिन्ही टक्केवाऱ्या दिल्या होत्या आणि मी तिन्ही छापल्या होत्या. मला उत्तर देता आलं नाही.

बाईंनी मला टायटॅनिकची आकडेवारी दिली (आर सॉफ्टवेअरमध्ये ती आयतीच मिळते) आणि सगळं हाताने करायला लावलं. तुम्हीही एकदा करा. एकूण माणसं 2201, वाचली 711. पहिल्या वर्गात 325 पैकी 203, दुसऱ्यात 285 पैकी 118, तिसऱ्यात 706 पैकी 178, जहाजाच्या कर्मचाऱ्यांत 885 पैकी 212.

वाचलेल्यांचे शंभर टक्के धरले तर सर्वांत मोठा वाटा कर्मचाऱ्यांचा दिसतो, जवळजवळ 30 टक्के. प्रत्येक गटाचे शंभर टक्के धरले, तर त्याच कर्मचाऱ्यांचं वाचण्याचं प्रमाण सर्वांत कमी, 24 टक्के. पहिल्या वर्गाचं 62.5. आपल्याला "कुठल्या गटात असल्यामुळे वाचण्याची शक्यता बदलली का" हे विचारायचं आहे, म्हणून शंभर टक्के गटाचे. ज्या चलाला आपण कारण मानतो त्याच्या बाजूने टक्केवारी काढायची, हे तेव्हा जे डोक्यात बसलं ते बसलंच.

मग अपेक्षित संख्या. ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण. पहिल्या वर्गासाठी 325 × 711 ÷ 2201, म्हणजे 105. वर्गाचा काही संबंध नसता तर साधारण 105 जण वाचले असते, वाचले 203. वाचलेल्यांच्या आणि न वाचलेल्यांच्या, टेबलातल्या प्रत्येक घरात प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्येतला फरक घ्यायचा, त्याला त्यानेच गुणून अपेक्षित संख्येने भागायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. ही बेरीज म्हणजे काय-स्क्वेअर. तो 190.4 येतो, स्वातंत्र्य मात्रा (ओळी वजा एक गुणिले स्तंभ वजा एक) 3. पाच टक्के पातळीची मर्यादा 7.81, म्हणजे संबंध नसताना निव्वळ योगायोगाने याहून मोठा आकडा शंभरात पाचदाच येतो. संबंध आहे, यात शंका नाही. किती घट्ट आहे ते मात्र काय-स्क्वेअर सांगत नाही, नमुना मोठा असला की तो फुगतो. त्यासाठी क्रामर व्ही हे माप काढा (0 म्हणजे संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध). इथे तो 0.29 येतो.

मला सर्वांत जास्त हलवलं ते पुढच्या पायरीने. तिसऱ्या वर्गातले 25.2 टक्के वाचले, कर्मचाऱ्यांतले 24. आता पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या करा. पुरुषांत तिसरा वर्ग 17.3 टक्के, कर्मचारी 22.3. स्त्रियांत तिसरा वर्ग 45.9, कर्मचारी 87. दोन्हीकडे कर्मचारी पुढे, एकत्र केलं की मागे! कारण 885 कर्मचाऱ्यांत स्त्रिया फक्त 23 होत्या, आणि स्त्रियांना होड्यांत आधी बसवलं गेलं. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. तुमच्या टेबलात असं तिसरं चल लपलंय का, हे निष्कर्ष लिहिण्याआधी शोधा.

काय-स्क्वेअर टक्क्यांवर काढू नका, मूळ संख्यांवरच काढा. अपेक्षित संख्या बऱ्याच घरांत 5 पेक्षा कमी असेल तर फिशरची अचूक चाचणी घ्या. आणि एक माणूस एकाच घरात मोजला गेला पाहिजे. माझ्या प्रश्नावलीत एका प्रश्नाला दोन-तीन पर्यायांवर खुणा करायची मुभा होती, त्यामुळे टेबलाची बेरीज फॉर्मच्या संख्येपेक्षा जास्त भरली. शेवटी प्रत्येक पर्यायाचं हो-नाही असं वेगळं टेबल करावं लागलं. त्यात दिवाळीची अख्खी सुट्टी गेली.