दाबलेला फोम आणि हवेतलं पाणी : लॅबमध्ये नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी

पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुमच्या हातात काडीएवढा दाबलेला फोम देईल आणि कोमट पाण्यात टाकायला सांगेल. डोळ्यांदेखत तो फुगून मूळ आकारात येईल. नव्या माणसाला वाटतं, उष्णतेनं फुलला. परदेशात येऊन या कामाला लागले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. ते निम्मंच खरं आहे, आणि उरलेलं निम्मं कळेपर्यंत माझे काही महिने गेले. घर, बँक, कागदपत्रं यांबद्दल सांगणारे भरपूर भेटतील. मी पाण्याबद्दल सांगते.

हा पॉलियुरेथेनचा फोम टीजीच्या, म्हणजे काचेसारखा कडकपणा जिथे सुटतो त्या तापमानाच्या वर नेला की मऊ पडतो. तेव्हा तो क्रिंपरमध्ये, म्हणजे चहूबाजूंनी दाबणाऱ्या यंत्रात, दाबायचा आणि दाब न काढताच थंड करायचा. पॉलिमरच्या रेणूंच्या साखळ्या तशाच आखडून बसतात. आता यात पाणी शिरलं की ते युरेथेन गटांमधल्या हायड्रोजन बंधांत घुसतं, साखळ्या सैल होतात आणि टीजी उतरतो. काही रचनांत वीस-तीस अंशांनीसुद्धा. कोरडेपणी टीजी शरीराच्या 37 अंशांच्या बराच वर आणि भिजल्यावर खाली, असा मेळ मुद्दामच साधलेला असतो. रक्तवाहिनीतला फुगा, म्हणजे एन्युरिझम, भरणारा फोम वेगळी उष्णता न देता फुलतो तो यामुळे. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातल्या गटानं 2005च्या सुमाराला याच जातीच्या पॉलिमरची वाकवलेली तार साध्या, खोलीच्या तापमानाच्या पाण्यात टाकून सरळ करून दाखवली होती.

म्हणजे पाणी हा या उपकरणाचा चापच आहे. आणि तो हवेतूनही ओढला जातो.

माझा किस्सा ऐका. शुक्रवारी संध्याकाळी क्रिंप केलेले नमुने टेबलावर उघड्या ताटलीत ठेवून गेले. सोमवारी पाहते तर सगळे जाडे झालेले, एकही कॅथेटरमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीत सरकवायच्या बारीक नळीत, जाईना. मी रचनेला दोष दिला, मापं पुन्हा घेतली, नवी बॅच केली. दमट आठवडा होता एवढंच कारण होतं. तेव्हापासून क्रिंप झाला की नमुना थेट सिलिका जेलबरोबर बंद फॉइलच्या पिशवीत जातो, आणि वहीत तारखेशेजारी खोलीची आर्द्रता लिहिली जाते. बंद खोलीतली हवासुद्धा ऋतूप्रमाणे बदलते: हीटर चालू झाला की कोरडीठाक, उन्हाळ्यात ओलसर. आपल्या अंगाला नव्या हवेची सवय होते, फोमला होत नाही.

डीएससीवर, म्हणजे नमुना तापवत टीजी मोजणाऱ्या यंत्रावर, मोजताना सगळ्यात जास्त फसगत होते. ओला नमुना भोक पाडलेल्या पॅनमध्ये ठेवला, तर पहिल्या तापवण्यात टीजी खाली दिसतो आणि दुसऱ्यात वर चढलेला. मध्ये पाणी उडून गेलेलं असतं. दोन्ही आकडे खरे, पण ते दोन वेगवेगळ्या पदार्थांचे. दुसरा आकडा 'फोमचा टीजी' म्हणून अहवालात टाकलात तर शरीरात काय होणार याचा पत्ता लागत नाही. कोरडा हवा असेल तर आधी व्हॅक्यूम ओव्हन. ओला हवा असेल तर भिजवून, वरचं पाणी दाबून काढून, लगेच हवाबंद पॅनमध्ये.

ते दाबून काढणंही नीट करा. फोमच्या छिद्रांत पाणी नुसतं साचूनही राहतं आणि त्याचा टीजीशी काही संबंध नसतो. टिपकागदावर नुसतं टेकवून वजन केलंत, तर पॉलिमरनं किती पाणी शोषलं याऐवजी छिद्रांत किती भरलं तेच मोजाल.

डॉक्टरांचा प्रश्न एकच असतो: हातात वेळ किती? उपकरण कॅथेटरमधून सरकवताना मध्येच फुललं तर अडकलं. म्हणून 37 अंशांच्या पाण्यात ठेवून ठरावीक अंतरानं फोटो काढतात, व्यास मोजतात. वेळ वाढवायची असेल तर रचना पाण्याला नावडती करायची, उदाहरणार्थ एचडीआय या आयसोसायनेटच्या (पॉलियुरेथेनच्या एका कच्च्या मालाच्या) जागी मिथाइल गट असलेलं टीएमएचडीआय वापरायचं. पण अति केलंत तर आत पोचूनही फुलायला उशीर लागतो. माझं मत विचाराल तर नवी मुलं वेळ वाढवण्याच्या नादात हे दुसरं टोक विसरतात.

एक सुरक्षिततेची गोष्ट: आयसोसायनेटची बाटली उघडी ठेवू नका. पाण्याशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. फोम बनवताना छिद्रं पाडायला तोच वायू कामाला येतो, पण ओल शिरलेली बाटली घट्ट बंद केली तर आत दाब चढतो.

निर्जंतुकीकरणाबद्दल आधीच विचारून घ्या. इथिलीन ऑक्साइड वायूनं निर्जंतुक करण्याचं चक्र साधारण 37 ते 63 अंशांवर आणि 40 ते 80 टक्के आर्द्रतेत चालतं. ऊब आणि दमटपणा, दोन्ही एकदम. दाबलेल्या फोमला आणखी काय हवं? त्याऐवजी इलेक्ट्रॉन बीमनं निर्जंतुक केलं तर नमुना कोरड्या, बंद पिशवीतच राहतो, मात्र त्यानंतर फोमचे गुणधर्म पुन्हा तपासावे लागतात. माझ्या डाव्या हाताच्या कप्प्यात कोऱ्या पिशव्या आणि सिलिका जेल आहे. न विचारता घ्या, पण झाकण लावा.